पुणे, मुंबई की आपले जळगाव-धुळे? म्हातारपणी राहायला कोणते शहर चांगले?



गेल्या महिन्यात एक काका ओपीडीत आले. वय ७१, निवृत्त शिक्षक. पंधरा वर्षांपासून मधुमेह आणि बीपी, दोन्ही बऱ्यापैकी आटोक्यात. तपासणी झाली, गोळ्या लिहून दिल्या, तरी काका खुर्चीवरून उठेनात. मग हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, रविवारी घराचं टोकन घेतोय. मुलगा म्हणतो, जळगावात काय ठेवलंय, पुण्याला या. राहायला पुणे देशात एक नंबर आहे म्हणे. तुम्ही सांगा, जाऊ का?"

हा प्रश्न मला आता दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारते. खान्देशातल्या बहुतेक घरांची गोष्ट सारखीच आहे. मुलगा पुण्यात आयटीमध्ये, मुलगी ठाण्याला किंवा नाशिकला, एखादा भाऊ सुरतेला, आणि आई-वडील इथे दोघेच. मुलांची काळजी खरी असते. आई-वडिलांची ओढही खरी असते. मधे डॉक्टर सापडतो! मी जळगावात प्रॅक्टिस करतो आणि महिन्यातून दोनदा धुळ्यालाही रुग्ण तपासतो, त्यामुळे दोन्ही गावांतून हा प्रश्न ऐकतो. म्हणून आज एखाद्या आजारावर न लिहिता याच प्रश्नावर माझे मत मांडतो. (खाली दिलेल्या रुग्णांचे तपशील ओळख पटू नये म्हणून थोडे बदलले आहेत.)

"एक नंबर" शहर म्हणजे काय?

काकांच्या मुलाने सांगितलेले अगदीच चुकीचे नव्हते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये १११ शहरांची "राहण्यास सुलभ शहरे" अशी क्रमवारी जाहीर केली. त्यात पुणे पहिले, नवी मुंबई दुसरी आणि मुंबई तिसरी होती. पुढची क्रमवारी मार्च २०२१ मध्ये आली. त्यात दहा लाखांवरील लोकसंख्येच्या शहरांत बंगळूर पहिले आणि पुणे दुसरे आले, मुंबई दहाव्या क्रमांकावर गेली. तीन वर्षांत मुंबई काही एवढी बदलली नव्हती, मोजायची पद्धत बदलली होती. आणि जळगाव, धुळे? ती या १११ शहरांत नव्हतीच. म्हणजे आपली गावे या परीक्षेत नापास झाली असे नाही, ती परीक्षेलाच बसलेली नाहीत.

जगातील शहरांचीही अशी यादी दरवर्षी निघते. २०२२ ते २०२४ अशी तीन वर्षे तिच्यात व्हिएन्ना पहिले होते, २०२५ मध्ये कोपनहेगन आले. ही यादी कंपन्यांना उपयोगी पडते. परदेशी पाठवलेल्या कर्मचाऱ्याला किती जादा भत्ता द्यायचा, हे त्यावरून ठरवता येते. आपल्या काका-काकूंना अशा भत्त्याचा काय उपयोग?

अशा याद्या वाईट नसतात, पण त्या सरासरी माणसासाठी असतात. नोकरी, शिक्षण, रस्ते, बँका, करमणूक या सगळ्यांना त्यात गुण असतात. पस्तिशीतल्या मुलाला हे गुण लागू पडतात. ७१ वर्षांच्या मधुमेही माणसाचे प्रश्न वेगळे आहेत. हे म्हणजे मुलाचा चष्मा वडिलांना लावण्यासारखे आहे. चष्मा महागाचा असेल, नंबर जुळायला हवा ना!

मग डॉक्टर म्हणून मी शहराकडे कसे बघतो? मी सहा गोष्टी तपासतो.

१. उन्हाळा

इथे आपण सरळ हरतो, हे मान्य करू या. पुणे आणि नाशिक समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहेत, जळगाव जेमतेम दोनशे मीटरवर. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जाणे नवीन नाही. वय वाढले की तहान कमी लागते, घाम कमी येतो. त्यात बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातले पाणी आणि क्षार लवकर कमी होतात. दरवर्षी मे महिन्यात "चक्कर येते, काही सुचत नाही" म्हणून येणाऱ्या ज्येष्ठांपैकी अनेकांना मुळात उन्हाचाच त्रास झालेला असतो. मुतखड्याचे रुग्णही याच दिवसांत वाढतात.

मुंबईत पारा ३४ वर असतो, पण हवा दमट. घाम वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. आपल्या कोरड्या हवेत कूलर छान काम करतो, मुंबईत त्याचा उपयोग नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. खोलीतले तापमान ४० अंशांच्या वर गेले की नुसता पंखा गरम हवाच अंगावर मारतो. अशा वेळी ओला पंचा, कूलर किंवा घरातली सर्वांत थंड खोली शोधावी.

२. हवा

"डॉक्टर, पुण्यात प्रदूषण आहे, आपल्या गावची हवा शुद्ध आहे," असे बरेच जण म्हणतात. हा गैरसमज आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला. हवेची मानके न पाळू शकलेल्या शहरांची जी यादी त्यासाठी तयार झाली, तिच्यात मुंबई, पुणे, नाशिक यांच्याबरोबर जळगावचेही नाव आहे. आपल्याकडे गाड्यांच्या धुरापेक्षा रस्त्यावरची धूळ, जाळलेला कचरा आणि शेतातल्या जाळलेल्या पऱ्हाट्या जास्त त्रास देतात. दमा किंवा सीओपीडी असलेल्या रुग्णाला नाकात गेलेली धूळ पुण्याची की जळगावची, याने काही फरक पडत नाही. हवेच्या बाबतीत शहर बदलून फारसे मिळत नाही. घर मोठ्या रस्त्यापासून किती आत आहे, शेजारी कचरा जळतो का, घरात धूर होतो का, याने जास्त फरक पडतो.

३. पाणी

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांआड येते, म्हणून आपण ते साठवतो. धुळेकरांना हे सांगायला नको! साठवलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी, टाक्या, कूलर घासून कोरडे करायचे. हा कोरडा दिवस फवारणीपेक्षा जास्त उपयोगी आहे.

मोठ्या शहरात पाणी रोज येते, पण म्हणून ते निर्धोक असते असे नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलियन बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले. हातापायांतली शक्ती जाणारा हा आजार. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला. तो दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात जातो. तेव्हा गाव कोणतेही असो, पिण्याचे पाणी उकळून घ्यावे.

४. चालणे

मधुमेह, बीपी, हृदयविकार, गुडघेदुखी, निद्रानाश या सगळ्यांवर चालणे हे औषध आहे. आठवड्याला किमान १५० मिनिटे, म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. म्हणून मी रुग्णांना विचारतो, "तिथे तुम्ही रोज चालणार कुठे?"

जळगावात मेहरूण तलावावर सकाळी गेलात तर माझे निम्मे रुग्ण भेटतील. भाऊंचे उद्यान, गांधी उद्यान आहे. धुळ्यात गल्ली नंबर चार ते गल्ली नंबर सहा एवढा फेरफटका मारला तरी दहा जण थांबवून बोलतात. भाजी आणायला, दूध आणायला, देवळात जायला आपण नकळत चालतो. पुण्यात टेकड्या आहेत, बागा आपल्यापेक्षा किती तरी चांगल्या आहेत. पण मुलाचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर असेल, समोर सहा पदरी रस्ता असेल आणि भाजी मोबाइलवरून घरी येत असेल, तर काका चालणार कुठे? काही सोसायट्यांत आत चांगला ट्रॅक असतो आणि ज्येष्ठांचा गट असतो. तसे असेल तर पुणे जिंकले. म्हणून शहर बघू नका, घराच्या दारापासूनचे पाचशे मीटर बघा.

५. अचानक काही झाले तर

मुलांचा मुख्य मुद्दा हाच असतो, आणि तो बरोबर आहे. पण इथेही थोडे समजून घ्या.

हार्ट अटॅकमध्ये बंद पडलेली रक्तवाहिनी जितक्या लवकर उघडेल तितका हृदयाचा स्नायू वाचतो. शक्य तर दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी, आणि ती वेळेत होणार नसेल तर जवळच्याच रुग्णालयात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन घेऊन मग पुढे जायचे. मी शिकत होतो तेव्हा साध्या अँजिओग्राफीसाठी मुंबई गाठावी लागे. आज जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे अँजिओप्लास्टी होते, डायलिसिस होते. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुने आहे, जळगावलाही २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

लकवा, म्हणजे स्ट्रोक, याचे गणित आणखी कडक आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्याआधी सिटी स्कॅन लागतो. तोंड वाकडे झाले, हात उचलत नाही, बोलणे जड झाले, की "थोडे पडून राहतो, बरे वाटेल" असे म्हणून चालत नाही. दर मिनिटाला मेंदूतल्या सुमारे १९ लाख पेशी मरतात.

आता प्रश्न असा की हे तास कुठे जातात? माझा अनुभव सांगतो. रस्त्यात जातात त्याहून जास्त घरात जातात. पुण्यात मोठे रुग्णालय चार किलोमीटरवर असते, पण संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये ते चार किलोमीटर किती लांब होतात ते पुणेकरांना विचारा. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या वेळी घरात कुणी असते का? मुलगा-सून सकाळी आठला बाहेर पडतात आणि रात्री आठला येतात. मग दुपारी बारा वाजता काकांचे तोंड वाकडे झाले, तर ते कुणाच्या लक्षात येणार? हाच प्रश्न जळगावात एकट्या राहणाऱ्यालाही लागू आहे.

६. माणसे

याला मी सर्वांत जास्त गुण देतो. कुणाला वाटेल डॉक्टर भावनेत वाहून गेले. तसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात एकटेपणाचा संबंध जगात दरवर्षी होणाऱ्या आठ लाख ७१ हजारांहून अधिक मृत्यूंशी जोडला आहे. एकट्या पडलेल्या माणसात हृदयविकार, लकवा, नैराश्य आणि विसराळूपणा यांचे प्रमाण जास्त आढळते.

यावल तालुक्यातल्या एक आजी मुलाकडे पिंपरीला गेल्या. आठ महिन्यांनी परत आल्या तेव्हा सहा किलो वजन कमी झालेले. मुलाने सगळ्या तपासण्या केल्या होत्या, थायरॉइडपासून सोनोग्राफीपर्यंत, सगळे नॉर्मल. मी विचारले, "आजी, तिथे त्रास काय होता?" म्हणाल्या, "तरास काही नाही रे बाप्पा, सून लेकीसारखी हाय. पन बोलाले कोनी नाही." त्यांना नैराश्य आले होते. औषध दिले, पण खरा फरक पडला तो गल्लीतल्या बायकांबरोबर पापड लाटायला बसू लागल्यावर. (पापड लाटायला सांगितले, खायला नाही. बीपी आहे!)

माझी चूक

इथपर्यंत वाचून वाटेल, की डॉक्टर सगळ्यांना "जाऊ नका" म्हणत असणार. काही वर्षांपूर्वीपर्यंत मी खरेच तसे म्हणायचो.

धुळ्याच्या एक काकू होत्या. वय ७६, यजमान गेलेले, घरात एकट्या. तब्येत ठणठणीत, फक्त बीपी आणि हृदयाचे ठोके अनियमित. मुलगा ठाण्याहून दर महिन्याला यायचा आणि "आई, चल" म्हणायचा. एकदा त्याने माझ्यासमोरच विषय काढला. मी म्हणालो, "अहो, त्या इथे खूश आहेत, शेजार चांगला आहे, कशाला हलवता?" काकू हसल्या. मुलगा गप्प बसला.

पुढच्या पावसाळ्यात एका रात्री त्यांना लकवा झाला. दार आतून बंद. सकाळी दूधवाल्याने हाका मारल्या, उत्तर आले नाही, तेव्हा शेजाऱ्यांनी दार तोडले. लक्षणे कधी सुरू झाली, सांगायला कुणी नव्हते. इंजेक्शनची वेळ निघून गेली होती. त्या वाचल्या, पण उजवी बाजू आणि बोलणे गेले. शेवटी त्या ठाण्याला गेल्याच, पण कॉटवर.

शेजार खरोखर चांगला होता. पण चांगला शेजारी रात्री दोन वाजता बंद दारामागे बघू शकत नाही. ठोके अनियमित असलेल्या माणसाला लकव्याचा धोका जास्त असतो हे मला माहीत होते. तरी "इथे राहा" म्हणताना "पण रात्री सोबत कोण?" हे मी विचारले नाही. त्या दिवसापासून मी हा प्रश्न आधी विचारतो.

मग जायचे कुणी?

माझ्या मते पुढील लोकांनी मुलांकडे जाण्याचा निर्णय लांबवू नये:

– एकटे राहणारे आणि ज्यांना लकवा, हार्ट अटॅक होऊन गेला आहे किंवा ठोके अनियमित आहेत, आणि रात्री सोबतीला कुणी मिळणे शक्य नाही.

– विसराळूपणा सुरू झालेले. गॅस चालू राहतो, गोळ्या दोनदा घेतल्या जातात, घरचा रस्ता चुकतो. अशांनी आजार वाढायच्या आधी जावे. नवी जागा ओळखीची व्हायला मेंदूत थोडी ताकद उरलेली असावी लागते. उशिरा हलवले तर गोंधळ एकदम वाढतो.

– वर्षातून दोन-तीनदा पडलेले.

– ज्यांचा उपचार इथे होतच नाही आणि दर पंधरा दिवसांनी चारशे किलोमीटर प्रवास करावा लागतो.

आणि जे दोघे आहेत, हिंडते-फिरते आहेत, आजार आटोक्यात आहे आणि ओळखीचा डॉक्टर जवळ आहे, त्यांनी घाबरून घर विकू नये. पुणे पळून जात नाही. विकलेले घर मात्र परत मिळत नाही, आणि आपली सोयसुद्धा त्या घराबरोबरच जाते.

मधला मार्गही आहे. नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगर इथून तीन-चार तासांवर आहे. एखादे मूल तिथे असेल तर ते पुण्या-मुंबईपेक्षा सोयीचे पडते, गावाशी येणे-जाणे राहते. दुसरा मार्ग म्हणजे वर्षाची वाटणी. आपली खरी कमजोरी उन्हाळा आहे, तर एप्रिल ते जूनमध्यापर्यंत मुलांकडे जा. नातवंडांना सुट्टी असते, घरही भरलेले असते. पाऊस पडला की परत या.

राहणार असाल तर

१. सकाळी ठरलेल्या वेळी मुलाला फोन. फोन आला नाही तर त्याने शेजाऱ्याला फोन करायचा, हे आधीच ठरलेले हवे.
२. घराची एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे. आतून कडी लावू नका, बाहेरून किल्लीने उघडेल असे कुलूप बसवा.
३. एकटे असाल तर रात्री सोबत. एखादा शिकणारा मुलगा किंवा मुलगी भाड्याने ठेवता येते.
४. गोळ्यांची यादी, आजार, डॉक्टरांचा आणि मुलांचा नंबर मोठ्या अक्षरांत फ्रिजवर. १०८ नंबर पाठ.
५. चोवीस तास सिटी स्कॅन आणि हृदयाचे उपचार कुठे होतात, हे आजच विचारून ठेवा. लकवा झाल्यावर शोधत बसू नका.
६. ७० वर्षे पूर्ण असतील तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ते उत्पन्नाची अट न ठेवता मिळते, पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात येतात आणि ते दुसऱ्या शहरातल्या योजनेतील रुग्णालयांतही चालते.

जाणार असाल तर

१. आधी दोन महिने राहून बघा. पाहुणे म्हणून नाही, रोजचे म्हणून. भाजी तुम्ही आणा, दळण तुम्ही टाका.
२. पहिल्या आठवड्यातच घराजवळचा एक फॅमिली डॉक्टर ठरवा. मोठे रुग्णालय नंतर. सगळे जुने रिपोर्ट, ईसीजी सोबत न्या. जुना ईसीजी शेजारी ठेवला की नव्यातला बदल लगेच कळतो.
३. नव्या घरात पहिला महिना रात्री पडण्याचा धोका मोठा असतो. वर्षानुवर्षे पाय डावीकडे संडासाकडे वळलेले असतात, नव्या घरात तो उजवीकडे असतो. रात्रीचा दिवा, बाथरूममध्ये धरायला दांडा आणि घसरणार नाही अशी चटई आधी लावा, मग सामान हलवा.
४. मुला-सुनेने आठवड्यातून एक ठिकाण आई-वडिलांसाठी राखावे. भजनी मंडळ, वाचनालय, खान्देशी लोकांचा गट, काहीही.
५. गावचे घर निदान एक वर्ष विकू नका.

आणि शेवटचे, थोडे कडू

आपण नेहमी विचारतो, चांगले शहर कोणते? पण शहर चांगले होते कसे, हे विचारत नाही. उदाहरण लांबचे नाही. ताप्ती लाइनच्या गाडीत बसून आपले हजारो लोक पोटासाठी ज्या सुरतेला गेले, तिथे सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची साथ आली होती. लोक जीव घेऊन पळाले, कित्येक जण खान्देशात परतले. त्यानंतर तिथल्या महापालिकेने कचरा, गटारे आणि रोजची साफसफाई यांवर कंबर कसली. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात त्याच सुरतेला इंदूरबरोबर देशात पहिला क्रमांक मिळाला. इतिहास तोच, तापी नदीही तीच. ती आपल्याही जिल्ह्यांतून वाहते.

जळगाव-धुळ्यात रोज पाणी, चालता येईल असे फुटपाथ, न जळणारा कचरा आणि उन्हाळ्यात दुपारी ज्येष्ठांना बसायला थंड जागा, एवढे झाले तरी माझ्या ओपीडीतली गर्दी कमी होईल. डॉक्टर म्हणून मला ते चालेल. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला आपण हे विचारतो का? आपली मुले गेली कारण इथे नोकऱ्या नव्हत्या. निदान म्हातारपण सुखाचे जावे एवढे तरी आपण मागायला हवे.

काकांचे काय झाले? मी त्यांना दोनच प्रश्न विचारले. "सकाळी तुम्ही उठला नाहीत, तर किती वाजता कुणाच्या लक्षात येईल? आणि तिथे तुम्ही रोज कुठे चालाल?" पहिल्याचे उत्तर त्यांच्याकडे होते, काकू सोबत आहेत. दुसऱ्याचे नव्हते. रविवारचे टोकन त्यांनी पुढे ढकलले. येत्या एप्रिलमध्ये दोघे पुण्याला जाणार आहेत, दोन महिन्यांसाठी, सगळे रिपोर्ट घेऊन. परत आल्यावर ठरवतील. त्यांना पुणे आवडले तर मला आनंदच आहे, फक्त त्यांनी आपल्या पायांनी चालत जावे.

हेच दोन प्रश्न आज घरी बसून एकमेकांना विचारा. मुलांनाही फोनवर घ्या. हा निर्णय अतिदक्षता विभागाच्या बाहेर उभे राहून घ्यायचा नसतो.

काळजी घ्या.